एका कान्याचा फरक

घाटकोपरला मामाच्या गॅलरीत बसलं की दर दोन-अडीच मिनिटांनी बोलणं थांबवावं लागतं. पावसाळ्यात वारा समुद्राकडून वाहतो, म्हणून मुंबईत उतरणारी विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून येतात. चाकं बाहेर काढलेली, पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली ओढलेल्या, आणि इतकी जवळ की पोटावरचे डाग दिसावेत. घरच्यांना याची सवय झाली आहे. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, विमान गेलं की उरलेलं अर्धं बोलायचं. मामी तर दळण टाकायला सांगतानाही मध्ये एक विमान जाऊ देते.

जून २०२४ मधला तो रविवार होता. पाऊस नुकता लागला होता. घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आदल्या दिवशी, ८ जूनला, मुंबईच्या धावपट्टीवर इंदूरहून आलेलं विमान टेकत होतं आणि त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान जेमतेम जमीन सोडत होतं. एकाच चौकटीत दोन्ही. काही सेकंदांचा तो व्हिडिओ होता. कुणाला खरचटलंही नाही. चौकशी सुरू झाली होती आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं होतं.

मामाने तो व्हिडिओ एकदाच पाहिला आणि मोबाइल टीपॉयवर पालथा ठेवला.

"ते पोर काल रात्री झोपलं नसेल," म्हणाला.

कोण पोर ते मला आधी कळलंच नाही. माझ्या डोक्यात दोन्ही विमानांतले प्रवासी होते. मामाच्या डोक्यात टॉवरमधला तो एकटा माणूस होता, ज्याचं नाव त्यालाही माहीत नव्हतं.

मामाची सगळी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजात जरा फरक पडला की हातातला कप थांबतो. अशा बातमीचा आपल्याकडचा मथळा ठरलेला असतो, 'मोठा अनर्थ टळला'. मी तो मोठ्याने म्हटला, तर मामा लगेच म्हणाला, "टळला कसा? टाळला म्हण. नाहीतर टाळायचा राहिला आणि तरीही सगळे वाचले, असं म्हण. तिन्ही वेगवेगळं आहे."

आजोबा शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे आमच्या घरात काना-मात्रेवरून वाद व्हायचेच. पण हा काना मी त्या दिवसापासून विसरले नाही. टळला म्हटलं की वादळ टळतं तसं ते होतं. आपोआप. त्यात कुणी काही केलं नाही, कुणाचं काही चुकलं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. वर आपल्याकडे म्हण आहेच, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. ती म्हटली की माणसं सुस्कारा टाकतात, देवाला नारळ फोडतात आणि विषय संपतो. मला ती म्हण आता नकोशी वाटते. काळ कुठून आला होता आणि वेळ कुणी येऊ दिली नाही, हे विचारायच्या आधीच ती दार लावून घेते.

नियंत्रकाचं काम म्हणजे काय, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. लहानपणी वाटायचं, मामा धावपट्टीवर झेंडा दाखवत असणार. तो बसायचा रडारच्या पडद्यासमोर, कानाला हेडसेट, पुढ्यात प्लास्टिकच्या खाचांत बसवलेल्या कागदी पट्ट्या. एका विमानाची एक पट्टी. त्यावर नाव, उंची, वाट, वेळ. विमानाला नवी उंची दिली की जुनी खोडून नवी लिहायची, क्रम बदलला की पट्टी वर-खाली सरकवायची. आता बहुतेक ठिकाणी ते सगळं पडद्यावर आलं आहे. पण मामा म्हणतो, खरं काम पट्टीवरही नसतं आणि पडद्यावरही नसतं, ते डोक्यातल्या चित्रात असतं. पाच मिनिटांनी कोण कुठे असेल याचं ते चित्र. नियंत्रक आत्ताचं आकाश बघतच नाही, तो पुढचं बघतो. ड्युटी बदलतानाही नवा माणूस आधी शेजारी उभा राहून काही मिनिटं नुसता ऐकतो. त्याच्या डोक्यात चित्र उमटलं की मगच जुना उठतो. आम्ही परिचारिका वॉर्डात ओव्हर देतो-घेतो, म्हणजे पाळी बदलताना पेशंट एकमेकींकडे सोपवतो, तसंच, फक्त त्यांचे पेशंट ताशी ९०० किलोमीटरने पळत असतात.

हा आकडा एकदा कागदावर मांडून बघा. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं, दोन्हींचा वेग ताशी ९०० किलोमीटर. त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला अर्धा किलोमीटर कमी होतं. दहा किलोमीटरवर असताना समोरचं विमान डोळ्यांना ठिपक्याएवढं दिसेल, तेही दिसलं तर. तिथून अंगावर येईपर्यंत वीस सेकंद. म्हणून डोळ्यांच्या भरवशावर हे सोडलेलंच नाही. दोन विमानांत उभं अंतर १,००० फूट किंवा आडवं ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३. यातलं एक तरी हवंच. दोन्ही एकदम मोडली की नियंत्रक म्हणतात, सेपरेशन गेलं. विमानात बसलेल्यांना अशा वेळी बहुधा काही कळतही नाही. खिडकीतून फार तर दूर एक चकचकीत विमान दिसेल आणि कुणीतरी लेकराला ते दाखवेल. नियंत्रकाच्या पोटात मात्र गोळा आलेला असतो.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी मामा मुंबईत ड्युटीवर होता आणि दिल्लीची बातमी त्याला तिथेच कळली. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं दिल्लीहून निघालेलं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं दिल्लीत उतरायला आलेलं इल्युशिन एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. दिल्लीला तेव्हा प्रायमरी रडार होतं. विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. उंची वैमानिक सांगेल ती. येणाऱ्या-जाणाऱ्यांची हवेतली वाटही एकच. सौदी विमानाला १४,००० फूट दिले होते, कझाक विमानाला १५,०००. समोरून विमान येतंय, किती मैलांवर आहे, हे नियंत्रकाने कझाक विमानाला सांगितलंही होतं. तरी ते १५,००० वर थांबलं नाही, खाली घसरत आलं. रेडिओवर बोलणाऱ्या त्यांच्या माणसापुढे उंची दाखवणारं स्वतःचं यंत्र नव्हतं, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे. शेवटच्या क्षणी चूक ध्यानात आली आणि त्यांनी विमान वर खेचलं. खेचलं नसतं तर ते बहुधा सौदी विमानाच्या खालून निघून गेलं असतं.

मामा सांगतो, त्या काळी पडद्यावर दोन ठिपके एकमेकांत मिसळणं रोजचंच होतं. एक वरून जातो, एक खालून, ठिपके मिसळतात आणि पलीकडे सुटे होऊन बाहेर पडतात. त्या संध्याकाळी ते बाहेर पडलेच नाहीत. नियंत्रकाचं काही चुकलं नव्हतं, चौकशीत तसंच निघालं. "पण ठिपक्यांकडे बघत तो बसला असेल ना," एवढंच मामा म्हणतो आणि गप्प होतो.

त्यानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिला टीकॅस म्हणतात. दोन विमानांतली यंत्रं आपापसात बोलतात आणि टक्कर होईल असं दिसलं की एकाला सांगतात चढ, दुसऱ्याला सांगतात उतर. कॉकपिटमध्ये घोगरा आवाज येतो, क्लाइंब, क्लाइंब. माणसं चुकली तरी यंत्र सोडवेल, असा दिलासा. पण माणूस आणि यंत्र यांनी एकाच वेळी उलट हुकूम दिले तर?

ते ३१ जानेवारी २००१ ला जपानमध्ये घडलं, दुपारी चारच्या सुमाराला. एकाच कंपनीची दोन विमानं. ९०७ क्रमांकाचं ७४७, टोकियोहून ओकिनावाला निघालेलं, वर चढत होतं. ९५८ क्रमांकाचं डीसी-१०, बुसानहून नारिताला येणारं, ३७,००० फुटांवर होतं. दोन्ही मिळून ६७७ माणसं. टोकियोच्या नियंत्रण केंद्रात त्या जागेवर एक शिकाऊ नियंत्रक बसला होता आणि मागे त्याला शिकवणारी वरिष्ठ. पडद्यावर धोक्याची सूचना आली. शिकाऊला सांगायचं होतं ९५८ ला, उतर म्हणून. तोंडातून निघालं ९०७.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण अशी चूक कुणीही करतं. आई मला हाक मारताना आधी मावशीचं नाव घेते. डोक्यात बरोबर माणूस असतो, जिभेवर चुकीचं नाव. म्हणून तर वैमानिकाने हुकूम परत म्हणून दाखवायचा असतो आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकायचा असतो. ९०७ ने तो परत म्हटला. शिकाऊने ऐकला आणि त्याला वाटलं ९५८ च बोलतंय. त्याच्या डोक्यातल्या चित्रात सगळं नीट चाललं होतं.

इकडे यंत्राने ९०७ ला सांगितलं चढ आणि ९५८ ला सांगितलं उतर. ९०७ च्या कॅप्टनने उतरायला सुरुवात केलीच होती, त्याने माणसाचं ऐकलं. ९५८ च्या कॅप्टनने यंत्राचं ऐकलं. दोघंही उतरू लागले, एकमेकांच्या दिशेने. मागच्या वरिष्ठ बाईंना काहीतरी बिघडल्याचं कळलं, त्यांनी घाईने माइक घेतला आणि ९५७ ला हुकूम दिला. ९५७ नावाचं विमान त्या आकाशात नव्हतंच.

शेवटी ९०७ च्या कॅप्टनने समोर डोळ्यांनी डीसी-१० पाहिलं आणि नाक एकदम खाली दाबलं. ९०७ डीसी-१० च्या खालून निसटलं. अंतर सुमारे १३५ मीटर, म्हणजे अशी दोन ७४७ विमानं एकामागे एक लावली तर तेवढीही मावली नसती. आत खाण्यापिण्याच्या गाड्या फिरत होत्या. एक गाडी उडाली ती छत फोडून वर जाऊन अडकली. शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली, काहींची हाडं मोडली. पण मेलं कुणी नाही. दोन्ही विमानं सुखरूप उतरली.

मथळा तुम्हाला ठाऊकच आहे.

जपानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला कळवलं, की माणूस आणि यंत्र उलट सांगू लागले तर वैमानिकाने कुणाचं ऐकायचं ते जगाला एकदा स्पष्ट सांगा. कागद गेला. सतरा महिने उलटले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगन गावावर, ३५-३६ हजार फुटांवर, एक रशियन टुपोलेव्ह आणि एक मालवाहू ७५७ एकमेकांच्या वाटेत आली. यंत्राने टुपोलेव्हला सांगितलं चढ, नियंत्रकाने सांगितलं उतर. टुपोलेव्हने माणसाचं ऐकलं. मालवाहू विमानाने यंत्राचं. दोघंही उतरले. ७१ जण गेले, त्यात बहुतेक उफा शहरातली शाळकरी मुलं होती, सुट्टीला स्पेनला निघालेली.

झुरिचच्या केंद्रात त्या रात्री एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. दुसरा सहकारी विश्रांतीला गेला होता, तशी तिथली वहिवाटच होती. दुरुस्तीसाठी फोन बंद, रडार अर्ध्या ताकदीवर. शेजारच्या केंद्रातल्या लोकांना पडद्यावर टक्कर येताना दिसत होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता. सुमारे वीस महिन्यांनी, ज्याची बायको आणि दोन मुलं त्या विमानात होती अशा एका माणसाने त्या नियंत्रकाला त्याच्या घराच्या दारात भोसकून मारलं. ही गोष्ट मला कुणाच्याच बाजूने पूर्ण सांगता येत नाही.

आता नियम पक्का आहे, यंत्र बोललं की यंत्राचंच ऐकायचं. तो जपानच्या आकाशातच ठरायला हवा होता. तिथे सगळे साक्षीदार जिवंत होते, दोन्ही कॅप्टन, दोन्ही नियंत्रक, शेकडो प्रवासी. अपघातानंतर ढिगाऱ्यातून ब्लॅक बॉक्सच्या पेट्या शोधून काढाव्या लागतात आणि मेलेल्यांचे शेवटचे शब्द पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. इथे माणसं खुर्चीत बसून स्वतःच्या तोंडाने सांगायला होती.

आणि त्यांचं काय झालं? जपानमध्ये त्या दोघा नियंत्रकांवर फौजदारी खटला चालला. खालच्या कोर्टाने सोडलं, वरच्या कोर्टाने दोषी ठरवलं, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. शिक्षा तहकूब होती, पण शिक्का बसला. जखमी झालेल्या शंभर माणसांना न्याय हवा होता, हे मला कळतं. ज्या बाईचं हाड मोडलं, तिला 'जीभ घसरली' हे उत्तर पुरणार नाही. पण मी परिचारिका आहे, आणि मला हेही कळतं की त्या निकालानंतर जपानमधल्या कुठल्या तरी नियंत्रकाने, कुणाच्याही लक्षात न आलेली आपली एखादी चूक, गिळून टाकली असेल.

अमेरिकेने याचं उत्तर आधीच शोधलं होतं, तेही असाच धडा घेऊन. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर एक विमान आदळलं, ९२ माणसं गेली. नियंत्रकाच्या एका परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. चौकशीत निघालं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच डोंगरावर, त्याच गैरसमजातून आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. भिंतीपलीकडच्या कंपनीपर्यंत ते गेलं नाही. मग १९७६ पासून तिथे एक व्यवस्था उभी राहिली. चुकलात, वाचलात, तर लिहून पाठवा. पण शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नाही, नासाकडे. नासाच्या हातात दंडुका नाही. ती तुमचं नाव काढून टाकते आणि गोष्ट सगळ्यांना सांगते. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर तिच्यासाठी सहसा शिक्षा होत नाही. स्वेच्छेने कळवायची सोय आता आपल्याकडेही आहे. पण सोय असणं वेगळं आणि रात्रपाळी संपवून, थकल्या डोळ्यांनी, स्वतःविरुद्ध कागद लिहायला बसणं वेगळं.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते, कारण त्या रविवारी गॅलरीत मी मामाला एक गोष्ट सांगितली. तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. रात्रपाळी, सर्जिकल वॉर्ड, पहाटेची इंजेक्शनं. अँटिबायोटिकची पूड पाण्यात विरघळवून द्यायची होती. डिस्टिल्ड वॉटरची दहा मिलीची प्लास्टिकची कुपी उचलली, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढलं. बारा नंबरच्या बाईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. तिने झोपेतच सलाइन लावलेला हात पुढे केला. माझ्याबरोबर एक शिकाऊ मुलगी होती. ट्रेमधली रिकामी कुपी उचलून तिने हळूच विचारलं, "सिस्टर, हे केसीएल आहे ना?"

केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. तेही दहा मिली, तीच प्लास्टिकची कुपी, तेच पारदर्शक पाणी. सलाइनच्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबाने देतात. तसंच शिरेत एकदम दिलं तर हृदय थांबतं. शिकताना सांगतात, औषध तीनदा वाचा, उचलताना, भरताना आणि देताना. मी एकदाही वाचलं नव्हतं. हाताने खोकं ओळखलं होतं. दोन्ही खोकी एकाच फळीवर शेजारी शेजारी असायची.

मी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली, दुसरी भरली, बाईला इंजेक्शन दिलं. त्या मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, कुणाला सांगू नकोस. तिने मान हलवली. सकाळी ओव्हर दिला, बस पकडली, घरी आले. आईने चहा दिला. काळ आला होता, वेळ आली नव्हती.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोन विमानं गेली, दोन्ही वेळा मी थांबले, त्यानेही थांबू दिलं. मला वाटलं, समजूत घालेल, होतं गं असं, म्हणेल. त्याने एकच विचारलं.

"मग ती खोकी नंतर कुठे ठेवली?"

तिथेच. ती तिथेच राहिली. वर्षभराने मी ती नोकरी सोडली तेव्हाही त्याच फळीवर होती. माझ्यानंतर तिथे कोण आलं, रात्री तीन वाजता त्या फळीकडे कुणाचा हात गेला, त्याच्या शेजारी वाचणारी कुणी होती की नाही, मला माहीत नाही. त्या शिकाऊ मुलीने एक अनर्थ टाळला होता. तिचं मी साधं कौतुकही केलं नाही, उलट तिला गप्प बसायला शिकवलं.

मामी आतून भजी घेऊन आली, आमचे चेहरे बघून बशी ठेवून परत गेली. पाऊस वाढला होता. पूर्वेकडून दिवे येताना दिसत होते, एकामागे एक, मोजून अंतर ठेवलेले.

"तुझं काय मामा?" मी विचारलं. "तुझ्याकडेही असेल ना एखादं."

"दोन आहेत," तो म्हणाला.

विमान वरून गेलं. गॅलरीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. पुढचं यायला अजून दोन मिनिटं होती. मामाने खुर्ची रस्त्याकडून वळवून माझ्याकडे केली.

"नाईट होती," तो म्हणाला. "दोन विमानांची नावं सारखीच होती, शेवटचा आकडा फक्त वेगळा..."